वाढलेले ताट आणि गिळलेला घास : अमेरिकेतील शुश्रूषागृहांतील उपासमारीचा इतिहास

१

‘नर्सिंग होम’ हा शब्द मराठी भाषकाने उच्चारला म्हणजे सामान्यतः त्याच्या डोळ्यांपुढे एखाद्या डॉक्टरांचे दहापंधरा खाटांचे खाजगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह उभे राहते. मुंबई राज्याच्या १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमातही हा शब्द आजारी, जखमी वा विकल व्यक्तींना ठेवून घेणारी जागा या अर्थाने आला असून प्रसूतिगृहाचा त्यात स्पष्ट समावेश आहे. अमेरिकेत मात्र त्याच शब्दाने निराळ्या संस्थेचा बोध होतो. ज्यांना स्वतःचे अंग आवरणे, चालणे किंवा जेवणे स्वतःच्या बळावर जमत नाही, अशा प्रामुख्याने वृद्ध स्त्रीपुरुषांचे ते दीर्घकाळचे, बहुधा अखेरचे, वसतिस्थान होय. प्रस्तुत विवेचनात ‘शुश्रूषागृह’ हा शब्द या दुसऱ्या अर्थाने योजला आहे.

‘नर्स’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ज्या धातूत आहे, त्याचा अर्थ ‘पोसणे, अंगावर पाजणे’ असा होतो. पोषणवाचक ‘न्यूट्रिशन’ हा शब्दही त्याच धातूपासून निघाला आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता नर्सिंग होम म्हणजे जेथे पोसले जाते ते घर. अशा घरांत माणसे अन्नावाचून क्षीण व्हावीत आणि पाण्यावाचून मरावीत, आणि तेही धान्याने कोठारे भरलेल्या देशात, ही गोष्ट प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटते. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरकारी चौकशा, न्यायालयीन निवाडे आणि विद्यापीठीय संशोधन यांनी ती निःसंशय सिद्ध केली आहे.

असे का घडले, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर मालकांचा लोभ हे आहे. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. मराठीत ‘वाढणे’ आणि ‘भरवणे’ ही दोन निराळी क्रियापदे आहेत. वाढणाऱ्याचे काम ताटापाशी संपते; भरवणाऱ्याचे काम घास घशाखाली उतरल्यावाचून संपत नाही. ‘पिणे’ आणि ‘पाजणे’ यांतील अंतरही असेच आहे. शुश्रूषागृहांसंबंधी कायदा करणाऱ्यांनी सुमारे दीडशे वर्षे पहिल्या क्रियेची मोजदाद केली आणि दुसरीकडे पाहिले नाही, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

२

अमेरिकेतील शुश्रूषागृहाचा पूर्वज म्हणजे परगण्याचे दरिद्रगृह, आणि दरिद्रगृहाची कल्पना अमेरिकेने इंग्लंडच्या दरिद्रविषयक कायद्यातून उचललेली होती. म्हणून आरंभ इंग्लंडपासून करणे इष्ट ठरते.

१८३४ च्या सुधारित दरिद्र-कायद्याने इंग्लंडात श्रमगृहांचे जाळे उभारले. या गृहांवर देखरेख करणाऱ्या आयुक्तांनी नमुन्यादाखल सहा आहारपत्रके प्रसिद्ध केली. त्यांत भाकरी, पातळ पेज, मांस, चीज यांची मापे औंसांत दिलेली होती. साठ वर्षांवरील वृद्धांना सकाळच्या पेजेऐवजी आठवड्यास एक औंस चहा, पाच औंस लोणी व सात औंस साखर देण्याची मुभा होती. प्रत्येक पदार्थ वजनाने ठरलेला. परंतु ते वजन खाणाऱ्याच्या पोटात पोहोचते की नाही, हे पाहण्याची व्यवस्था जवळजवळ नव्हती.

तिचा परिणाम हॅम्पशर परगण्यातील अँडोव्हरच्या श्रमगृहात उघड झाला. तेथील रहिवाशांना खतासाठी हाडे कुटण्याचे काम असे. १८४५ साली असे बाहेर आले की, भुकेने व्याकुळ झालेले हे लोक कुटावयास आलेल्या हाडांना चिकटलेले मांस व आतील मगज चोखून खात होते. टॉमस वॅकली यांनी हा प्रश्न पार्लमेंटात मांडला. १८४६ मध्ये निवड-समितीने साक्षी घेतल्या. श्रमगृहाचा प्रमुख कॉलिन मॅकडुगल हा रहिवाशांच्या शिध्यावर डल्ला मारीत असल्याचे पुराव्यांत आले. आणि १८४७ मध्ये दरिद्र-आयोग बरखास्त होऊन त्याच्या जागी नवे मंडळ आले. कागदावरील औंस मात्र सगळा वेळ बिनचूक होते.

अँडोव्हरचे प्रकरण चोरीचे होते. चोर सापडला की न्याय झाला, अशी लोकांची समजूत होणे स्वाभाविक होते. पुढील शतकात अशीही वेळ आली की, कोणीही शिधा चोरला नाही, ताटे भरून आली, आणि तरीही माणसे उपाशी राहिली. त्या उपासमारीला दोषी कोण, हे सांगणे मॅकडुगलला दोषी ठरविण्याइतके सोपे नव्हते.

३

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील दरिद्रगृहांत वृद्धांचा भरणा फार मोठा होता. ही गृहे नाहीशी व्हावीत, हा १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याचा एक हेतू होता. निर्धन वृद्धांच्या साहाय्यासाठी केंद्राने राज्यांना पैसा देऊ केला. पण सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्यास तो मिळू नये अशी अट घातली. वृद्धांनी आपापल्या घरी राहावे, ही अपेक्षा त्यामागे होती. परंतु ज्यांना घर नव्हते किंवा घरी करणारे कोणी नव्हते, त्यांचे काय, याचा विचार झाला नव्हता. दरिद्रगृहात राहिल्यास पैसा बंद, खाजगी घरात राहिल्यास पैसा चालू, असे झाल्यावर असे वृद्ध ठेवून घेणारी खाजगी घरे निघाली. अशा रीतीने दरिद्रगृह मोडण्याच्या तरतुदीतून खाजगी शुश्रूषागृहाचा धंदा जन्मास आला.

पुढील तीन दशकांत हा धंदा केंद्राच्याच पैशावर वाढला. १९५० च्या दुरुस्तीने वृद्धाच्या वतीने संस्थेला थेट पैसे देण्याची सोय झाली आणि अशा संस्थांसाठी मानके ठरविणारी यंत्रणा उभारण्याचे बंधन राज्यांवर आले. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याखाली रुग्णालयांना मिळणारे बांधकाम-अनुदान १९५४ मध्ये सार्वजनिक व धर्मादाय शुश्रूषागृहांनाही खुले करण्यात आले. त्यामुळे लांब मार्गिका, दुतर्फा खोल्या आणि मधोमध परिचारिकांचे ठाणे अशी रुग्णालयाची धाटणी या गृहांना आली. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर व मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर सही केली आणि पैशाचा ओघ अनेक पटींनी वाढला.

या ओघाबरोबर मानकेही येणार होती. पण ती कठोरपणे लावावीत तर बहुसंख्य शुश्रूषागृहे अपात्र ठरतात, असे दिसून येताच ‘पुरेशा प्रमाणात अनुपालन’ नावाची एक सैल कोटी निर्माण करण्यात आली. पूर्ण पात्र नसलेली गृहे तिच्या आश्रयाने चालू राहिली. मेरी अ‍ॅडलेड मेंडेलसन यांचा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. युटाचे सेनेटर फ्रँक मॉस यांच्या उपसमितीने त्याच वर्षाच्या अखेरीपासून आपले अहवाल छापण्यास आरंभ केला. न्यूयॉर्क राज्याने मोरलँड आयोग नेमला. खोटी बिले, निकृष्ट अन्न, अंगावर पडलेले शय्याव्रण आणि गुंगीच्या औषधांचा सर्रास वापर यांची साक्ष या सर्वांतून मिळाली. अमेरिकेला आपले अँडोव्हर सापडले होते. काही मालकांवर खटले झाले आणि शिक्षाही झाल्या.

४

या चौकशांहून अधिक मूलगामी ठरला तो कोलोराडोतील एक खटला. तेथील शुश्रूषागृहांतील रहिवाशांनी १९७५ मध्ये तो दाखल केला. निरीक्षक गृहात येत. स्वयंपाकघर आहे काय, आहारतज्ज्ञाचा सल्ला घेण्याची सोय आहे काय, लेखी धोरण आहे काय, हे पाहत. आणि सर्व असल्यास गृह योग्य असल्याचा दाखला देत. रहिवासी जेवतो काय, हे पाहण्याचे त्यांच्या तक्त्यात नव्हतेच. म्हणजे गृह शुश्रूषा करण्यास समर्थ आहे की नाही, एवढाच प्रश्न होता; ते शुश्रूषा करते की नाही, हा नव्हता. १९८४ मध्ये अपील न्यायालयाने ‘स्मिथ विरुद्ध हेक्लर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निवाड्यात ठरविले की, ज्या गृहांना सरकारी पैसा मिळतो, ती प्रत्यक्षात योग्य शुश्रूषा देतात काय, हे जाणून घेण्याचे कर्तव्य आरोग्यमंत्र्यांवर आहे. ‘करू शकते’ आणि ‘करते’ या दोन क्रियारूपांतील भेद एका न्यायालयाने मान्य केला, असेच म्हणावयास पाहिजे.

याच सुमारास रेगन सरकारने नियम शिथिल करण्याचा घाट घातला होता. त्यावर गदारोळ झाल्यामुळे हा विषय इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेकडे सोपविण्यात आला. तिचा अहवाल १९८६ मध्ये आला आणि त्याच्या आधारे १९८७ चा शुश्रूषागृह सुधारणा कायदा झाला. प्रत्येक रहिवाशाची ठराविक मुदतीने एकसारख्या तक्त्यानुसार पाहणी व्हावी, शुश्रूषा-साहाय्यकास किमान ७५ तासांचे शिक्षण मिळावे, चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका हजर असावी, आणि रोज आठ तास नोंदणीकृत परिचारिका असावी, असे त्यात ठरले. कायद्याखालील नियमांनी रहिवाशाचे वजन योग्य मर्यादेत राखणे आणि त्याच्या पोटात पुरेसे पाणी जाणे ही गृहाची जबाबदारी ठरविली. महिन्यात शेकडा पाच किंवा सहा महिन्यांत शेकडा दहा वजन घटणे ही धोक्याची खूण मानली गेली. शतकभर ताटाला लागलेला काटा आता माणसाला लागला, हे या कायद्याचे श्रेय होय.

परंतु एक जागा त्याने मोकळी सोडली. किती रहिवाशांमागे किती साहाय्यक असावेत, हा आकडा त्यात नव्हता. रहिवाशांच्या गरजेस ‘पुरेसे’ असावेत, एवढेच म्हटले होते.

५

१९९८ च्या जुलैत केंद्राच्या लेखापरीक्षण कार्यालयाने कॅलिफोर्नियातील शुश्रूषागृहांसंबंधी अहवाल दिला. १९९३ मध्ये मरण पावलेल्या ६२ रहिवाशांची कागदपत्रे त्यासाठी तपासण्यात आली. त्यांपैकी ३४ जणांना मिळालेली शुश्रूषा स्वीकारार्ह नव्हती, असा निष्कर्ष निघाला. कुपोषण, निर्जलीकरण, मूत्रमार्गाचा जंतुदोष आणि शय्याव्रण ही मृत्यूच्या दाखल्यांवरील कारणे या तपासणीचा प्रारंभबिंदू होती.

यामागील कार्यकारण कळावयाचे तर कोणी तरी जेवणघरात बसून पाहणे अवश्य होते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जीनी केझर-जोन्स यांनी ते केले. परिचर्या आणि मानवशास्त्र या दोन्ही विषयांचा त्यांचा अभ्यास होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात ४० रहिवाशांच्या पोटात दिवसभरात जाणारे पाणी व इतर द्रव मोजण्यात आले. ४० पैकी ३९ जण दिवसाकाठी दीड लिटरही पीत नव्हते. पाण्याची टंचाई अर्थातच नव्हती. तांब्या उशाशी होता, पण हात पोहोचत नव्हता. पेला दिला होता, पण तो धरण्याचे बळ बोटांत नव्हते.

वार्धक्यातील शरीरधर्म येथे लक्षात घेतला पाहिजे. उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, मूत्रपिंडाची पाणी राखण्याची शक्ती उणावते आणि तहानेची जाणीवही मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण जीभ ते मागत नाही. शिवाय पाणी प्यावे तर शौचकूपापर्यंत नेण्यासाठी कोणाला तरी बोलवावे लागते, आणि बोलावल्यावर कोणी वेळेवर येत नाही. त्यामुळे अनेक वृद्ध जाणूनबुजून पिणे टाळतात. पाणी कमी झाले की मन भ्रमिष्ट होते. भ्रमिष्ट माणूस आणखी कमी पितो. आणि तो भ्रम वार्धक्याचाच म्हणून सोडून दिला जातो. अन्नाचीही हीच कथा आहे. कवळी हरवलेली, गिळताना ठसका लागणारा, बिछान्यात अर्धवट आडवा, अशा माणसापुढे ठेवलेले ताट तासाभराने जसेच्या तसे परत जाते.

भरवण्याला वेळ किती लागतो? सॅन्ड्रा सिमन्स, जॉन श्नेल आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये याचे उत्तर घड्याळ लावून दिले. नीट, धीराने, रहिवाशाच्या गतीने भरवावयाचे तर एका माणसामागे एका जेवणास सरासरी ३८ मिनिटे लागतात. शुश्रूषागृहांत नेहमी मिळत ती ९ मिनिटे. पूर्ण वेळ दिल्यावर सुमारे निम्म्या रहिवाशांचे अन्न लक्षणीय वाढले. ज्या साहाय्यिकेकडे जेवणाच्या वेळी सातआठ माणसे भरवावयाची आहेत, तिने हे गणित कसे सोडवावे? ती घास मोठे करते, पदार्थ एकत्र कालवते, घाई करते. रहिवासी तोंड मिटून घेतो. तिच्या ठिकाणी निष्ठुरता असण्याची मुळीच आवश्यकता नाही. मनाने अत्यंत कनवाळू असलेली स्त्रीही तासाभरात सात वेळा ३८ मिनिटे काढू शकत नाही.

६

अशा प्रसंगी नोंदवहीत काय लिहिले जाते, हे भाषाभ्यासकाने अवश्य पाहावे. ‘जेवण दिले.’ ‘द्रव घेण्यास उत्तेजन दिले.’ ‘रहिवाशाने नाकारले.’ ‘भूक मंद.’ ही या नोंदवह्यांची ठराविक भाषा होय. पहिल्या दोन वाक्यांत कर्ता लुप्त आहे: कोणी दिले, किती वेळ बसून दिले, हे कळत नाही. तिसऱ्या वाक्यात मात्र कर्ता ठळकपणे हजर होतो आणि तो नेमका रहिवासी असतो. क्रिया यशस्वी झाली असे दाखवावयाचे तेथे कर्ता नको. ती फसली तेथे कर्ता हवा, आणि तो सर्वांत दुबळा माणूस. ज्यांना भरवावे लागते त्यांना गृहांच्या बोलीत ‘फीडर’ म्हणत. वस्तुतः या शब्दाचा कोशार्थ ‘भरवणारा’ असा होऊ शकतो; येथे ज्याला भरवावयाचे त्यालाच तो चिकटला आणि भरवणारा भाषेतूनही नाहीसा झाला.

नोंदी केवळ संदिग्ध नव्हत्या. त्या चुकीच्याही होत्या. संशोधकांनी स्वतः ताटे तपासून कर्मचाऱ्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा रहिवाशाने प्रत्यक्ष खाल्ले त्याहून अधिक खाल्ल्याचे लिहिलेले वारंवार आढळले. एकचतुर्थांश अन्न उरले तर तशी नोंद करावी, असा एक प्रश्न पाहणीच्या तक्त्यात होता. धोक्याची घंटा याच उत्तरावर वाजावयाची होती. आणि उत्तर लिहिणारा तोच होता, ज्याला ताटे गोळा करून पुढील कामास धावावयाचे होते.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. प्रत्येक कृश देह हा हयगयीचा पुरावा नव्हे. कर्करोग, प्रगत स्मृतिभ्रंश आणि इतर आजारांत वजन घटतेच. आणि जीवनाच्या अगदी अखेरीस माणसाची अन्नावरील वासना उडते, त्याच्यावर जबरदस्ती करणे क्रौर्य ठरेल. हा आक्षेप वैद्यकदृष्ट्या योग्य आहे. परंतु मराठीत ‘अन्नपाणी सोडले’ आणि ‘अन्नपाणी सुटले’ अशी दोन वाक्ये संभवतात. पहिल्यात इच्छा आहे, दुसऱ्यात केवळ घटना. एखाद्या रहिवाशाने अन्न सोडले की त्याचे अन्न सुटले, हे ठरविण्याचा मार्ग एकच: त्याच्याजवळ बसून, धीराने, पुरेसा वेळ भरवून पाहणे. तो वेळ न देताच ‘सोडले’ असा निर्णय लिहिणे, हीच हयगय होय.

७

हा वेळ कायद्यात आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००० साली कॉमनवेल्थ फंड या संस्थेने सारा बर्गर, केझर-जोन्स व ज्यूली प्रिन्स बेल यांचा कुपोषण व निर्जलीकरणावरील अहवाल प्रसिद्ध केला. २००१ मध्ये केंद्रासाठी झालेल्या अभ्यासात दर रहिवाशामागे दिवसास एकूण ४.१ तासांची शुश्रूषा ही ती पातळी ठरली की जिच्याखाली गुणवत्ता घसरते, यांपैकी २.८ तास साहाय्यकांचे होते. तो आकडा नियम झाला नाही. त्याऐवजी २००३ मध्ये किमान आठ तासांचे शिक्षण घेतलेले पगारी ‘भरवणारे’ नेमण्याची परवानगी देण्यात आली. वाढणे व भरवणे यांतील भेद सरकारी नियमाने या वेळी प्रथमच शब्दांत मान्य केला. पण भरवणारे नेमणे ऐच्छिक राहिले.

१९८७ मध्ये मोकळी सोडलेली जागा भरण्यास २०२४ साल उजाडले. त्या वर्षी केंद्राने दर रहिवाशामागे दिवसास ३.४८ तासांचा किमान नियम जाहीर केला. इतके मनुष्यबळ मिळत नाही, विशेषतः ग्रामीण भागात, आणि पैसा कोण देणार, असे शुश्रूषागृहांच्या संघटनांचे म्हणणे होते. हे म्हणणे सर्वस्वी बनावट नव्हते: साहाय्यकांचे वेतन तुटपुंजे आणि काम कंबरडे मोडणारे असल्याने माणसे टिकत नसत. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील केंद्रीय न्यायालयाने हा नियम रद्द ठरविला आणि त्याच वर्षीच्या जुलैत संसदेने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखणारा कायदा केला. ‘पुरेसे’ या विशेषणाच्या जागी संख्या घालण्याचा प्रयत्न अशा रीतीने सव्वा वर्षातच थांबला.

१८४५ मध्ये अँडोव्हरच्या रहिवाशांचा शिधा चोरला गेला आणि चोर पकडता आला. त्यानंतरच्या काळात चोरीला गेला तो शिधा नव्हे, ३८ मिनिटांतील २९ मिनिटांचा वेळ. आणि वेळ चोरणाऱ्याचा माग नोंदवहीत राहत नाही. संस्कृतात ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा हा अर्थ त्यावरून आला. तोंड मिटून घेणारा वृद्ध काही तरी सांगत असतो: घास मोठा आहे, दात नाहीत, पाठीला उशी द्या, थांबा. ते ऐकण्यासाठी त्याच्यापाशी बसलेले कोणी तरी असावे लागते. किती वेळ बसावे, हे मोजून झालेले आहे. ते कोणत्या कायद्यात लिहावयाचे, एवढेच ठरावयाचे आहे.